संशोधन-लेख सापडत नाहीत? ऑनलाइन शोध आणि डिजिटल लायब्ररी वापरण्याची पायरीपायरीची पद्धत

विषय हाती पडला की बहुतेक विद्यार्थी तो जसाच्या तसा गूगलमध्ये टाकतात, पहिल्या पानावरच्या चार-पाच लिंक उघडून बघतात आणि गाइडला सांगतात, "सर, या विषयावर मटेरियलच नाहीये." मटेरियल बहुतेक वेळा असतं. फक्त ते वेगळ्या शब्दांत लिहिलेलं असतं आणि गूगलच्या पहिल्या पानापेक्षा वेगळ्या जागी ठेवलेलं असतं. विद्यापीठाच्या लायब्ररीने आपल्यासाठी वर्गणी भरून घेतलेले डेटाबेस वर्षभर पडून राहतात आणि मुलं कुठल्या तरी नोट्सच्या साइटवरून उतारे गोळा करत बसतात, हे बघून फार वाईट वाटतं.

माझं ठाम मत आहे की शोधाच्या पहिल्या तासाभरात एकच काम करायचं: आपल्या विषयातली अभ्यासक मंडळी कोणते शब्द वापरतात ते गोळा करायचं. ते शब्द सापडले की पुढचं निम्मं काम आपोआप होतं. खालची पद्धत पदवीच्या असाइनमेंटपासून पीएच.डी.च्या पूर्वसाहित्याच्या आढाव्यापर्यंत सगळीकडे चालते. फरक पडतो तो खोलीचा.

पायरी १: संगणकाला हात लावण्याआधी प्रश्न कागदावर लिहा

समजा, विषय आहे "मोबाइल आणि विद्यार्थी". हा शोधण्याजोगा विषयच नाही, कारण यात अभ्यास, व्यसन, खर्च, मैत्री सगळंच येतं. त्याचा प्रश्न करा: झोपण्याआधी स्मार्टफोन वापरल्याने विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या झोपेवर काय परिणाम होतो?

आता या प्रश्नातले वजनदार शब्द वेगळे काढा. तीन निघतात: स्मार्टफोन, झोप, विद्यापीठातले विद्यार्थी. "परिणाम" हा शब्द शोधात घेऊ नका. एखादा लेखक "इफेक्ट" लिहितो, दुसरा "इम्पॅक्ट", तिसरा "असोसिएशन". तो शब्द टाकलात तर इतर शब्द वापरणारे चांगले लेख तुमच्या जाळ्यातून निसटतील.

कागदावर तीन रकाने आखा आणि प्रत्येक शब्दाचे इंग्रजी पर्याय खाली लिहीत जा. पहिल्यात स्मार्टफोन, मोबाइल फोन, सेल फोन. दुसऱ्यात स्लीप, स्लीप क्वालिटी, इन्सोम्निया. तिसऱ्यात युनिव्हर्सिटी स्टुडंट्स, कॉलेज स्टुडंट्स, अंडरग्रॅज्युएट, यंग अ‍ॅडल्ट्स. अमेरिकेत "सेल फोन" आणि "कॉलेज" म्हणतात, ब्रिटनमध्ये "मोबाइल फोन" आणि "युनिव्हर्सिटी". तुम्ही एकच शब्द धरून बसलात, तर जगातलं अर्धं संशोधन दिसतच नाही. हा कागद फेकू नका, पुढे त्यात भर पडत जाणार आहे.

पायरी २: शोधाची ओळ बांधा

डेटाबेसला आपलं वाक्य समजावून सांगण्यासाठी तीन जोडशब्द आहेत: अँड, ऑर आणि नॉट. एकोणिसाव्या शतकातले गणितज्ञ जॉर्ज बूल यांच्या तर्कपद्धतीवरून यांना बूलियन ऑपरेटर म्हणतात. ते रोमन लिपीत, कॅपिटल अक्षरांत टाइप करायचे.

एका रकान्यातले समानार्थी शब्द ऑरने जोडायचे आणि कंसात ठेवायचे. मग वेगवेगळे कंस एकमेकांना अँडने जोडायचे. आपल्या उदाहरणात पहिल्या कंसात स्मार्टफोन ऑर "मोबाइल फोन" ऑर "सेल फोन" येईल. मग अँड. दुसऱ्या कंसात स्लीप ऑर इन्सोम्निया. पुन्हा अँड. तिसऱ्या कंसात "युनिव्हर्सिटी स्टुडंट्स" ऑर "कॉलेज स्टुडंट्स" ऑर अंडरग्रॅज्युएट.

कंसांना कंटाळू नका. पबमेडसारखा डेटाबेस हे जोडशब्द डावीकडून उजवीकडे जसे येतील तसे लावत जातो. कंस नसतील तर अर्थ भलताच होतो आणि हजारो असंबद्ध लेख समोर येतात.

दोन किंवा अधिक शब्द एकत्रच, त्याच क्रमाने हवे असतील तर दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. शब्दाच्या शेवटी तारकाचिन्ह दिलं की त्या शब्दाची पुढची सगळी रूपं येतात, पण मूळ शब्द फार आखूड ठेवू नका. "कॅट" या तीन रोमन अक्षरांपुढे तारका दिलीत, तर मांजरांबरोबर कॅटलॉगही येतील. ही तारका बहुतेक डेटाबेसमध्ये चालते. गूगल आणि गूगल स्कॉलर मात्र तिचा असा अर्थ घेत नाहीत, तिथे पर्याय ऑरने द्यावे लागतात.

नॉट शक्यतो वापरूच नका. "लहान मुलांवरचे लेख नकोत" म्हणून नॉट चिल्ड्रन लिहिलंत, तर मुलं आणि विद्यार्थी यांची तुलना करणारा, तुमच्या उपयोगाचा लेखही जाईल. अनेक डेटाबेसमध्ये वयोगटाचे फिल्टर असतात, ते बरे.

साध्या गूगलवर अहवाल किंवा सरकारी कागदपत्रं शोधायची असतील, तर साइट आणि फाइलटाइप या दोन खुणा शिकून घ्या. साइट हा शब्द रोमनमध्ये लिहून पुढे कोलन आणि संस्थेच्या वेबसाइटचा पत्ता, मध्ये जागा न सोडता. फाइलटाइप, कोलन, पीडीएफ असं लिहिलं की फक्त पीडीएफ फाइली येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या साइटवरचे अहवाल या दोन खुणांनी पटकन हाती लागतात. तिच्या स्वतःच्या शोधखिडकीत चाचपडत बसावं लागत नाही.

पायरी ३: योग्य दार निवडा

लायब्ररीच्या वेबसाइटवर सहसा एक मोठी शोधखिडकी असते. ती पुस्तकं, ई-बुक्स, लेख एकदम शोधते. सुरुवातीला अंदाज घ्यायला ती चांगली. खोलात जायचं तर मात्र विषयाचा डेटाबेसच उघडावा लागतो. वैद्यक आणि जीवशास्त्रासाठी पबमेड, शिक्षणशास्त्रासाठी एरिक, मानसशास्त्रासाठी सायकइन्फो, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकासाठी आयईईई एक्सप्लोर, भौतिकशास्त्र आणि गणितासाठी १९९१ पासून चालू असलेलं अर्काइव्ह (arXiv). पबमेड, एरिक आणि अर्काइव्ह कुणालाही मोफत आहेत. अर्काइव्हवरचे लेख समीक्षा, म्हणजे त्या विषयातल्या इतर तज्ज्ञांकडून तपासणी, होण्याआधीचे असतात, हे संदर्भ देताना ध्यानात ठेवा. प्रबंधांसाठी शोधगंगासारखी भांडारं आहेत. प्रबंधाची संदर्भसूची शेकडो नोंदींची असते, तेवढ्यासाठी तरी ती उघडावीत.

जेस्टोरबद्दल एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांचे जुने अंक तिथे उत्तम मिळतात, पण बऱ्याच नियतकालिकांचे अगदी अलीकडचे, साधारण तीन ते पाच वर्षांतले अंक तिथे नसतात. जेस्टोरवर २०२४ चा लेख दिसला नाही म्हणून तो अस्तित्वातच नाही असं समजू नका.

गूगल स्कॉलर २००४ मध्ये आलं आणि सगळ्यांचं लाडकं झालं. त्याचा आवाका प्रचंड आहे, पण त्यात काय आहे आणि काय नाही याची यादी कुठेच मिळत नाही. निकाल कितीही लाख दाखवले तरी प्रत्यक्षात पहिले १००० च बघता येतात. शिवाय जास्त वेळा उद्धृत झालेले, म्हणजे साहजिकच जुने लेख वर येतात. डावीकडच्या पट्टीत वर्षाची मर्यादा घाला. सेटिंगमध्ये "लायब्ररी लिंक्स" असा भाग आहे, तिथे आपल्या विद्यापीठाचं नाव शोधून खूण करा. विद्यापीठाने ही सोय सुरू केलेली असेल, तर वर्गणीत असलेल्या लेखांपुढे थेट दुवा दिसू लागतो.

पायरी ४: निकालातून शब्द वेचा

हीच पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. पहिल्या शोधानंतर वीसेक लेखांचे फक्त मथळे, गोषवारे आणि लेखकाने दिलेले कीवर्ड वाचा. पूर्ण लेख अजून उघडू नका. आपल्या उदाहरणात गोषवारे वाचताना एक नाव पुन्हा पुन्हा भेटेल: पिट्सबर्ग स्लीप क्वालिटी इंडेक्स. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेली ही प्रश्नावली आहे. तिच्यात माणूस स्वतः १९ प्रश्नांची उत्तरं देतो आणि एकूण गुण ५ पेक्षा जास्त आले तर झोप चांगली नाही असं धरतात. हे नाव तुमच्या मूळ प्रश्नात नव्हतं, तुम्हाला ते सुचण्याचं काही कारणही नव्हतं. पण ते दुसऱ्या रकान्यात लिहिलंत आणि पुन्हा शोध घेतलात, की झोप खरोखर मोजलेले अभ्यास वर येतात आणि "मोबाइल बाजूला ठेवा" असे सल्ले देणारे लेख मागे पडतात.

"बेडटाइम", "स्क्रीन टाइम", "प्रॉब्लेमॅटिक स्मार्टफोन यूज", "स्लीप लेटन्सी" म्हणजे झोप लागायला लागणारा वेळ, असे आणखीही शब्द मिळतील. सगळे कागदावर उतरवा.

पबमेडसारख्या डेटाबेसमध्ये विषयशीर्षकांची ठरावीक यादी असते, तिला मेश म्हणतात. लेखकाने कोणताही शब्द वापरलेला असो, नोंद करताना त्या लेखाला यादीतलं शीर्षक लावलं जातं. एखादा नेमका आपल्याला हवा तसा लेख सापडला की त्याच्या नोंदीत खाली ही शीर्षकं बघा आणि त्यांच्यावरून उलटा शोध घ्या. पबमेडच्या अ‍ॅडव्हान्स्ड पानावर तुमच्या ओळीचा त्याने काय अर्थ लावला, कोणते शब्द आपणहून जोडले, हेही दिसतं. एकदा ते उघडून बघाच. शोधयंत्र आतून कसं चालतं हे त्या एका पानावर जितकं कळतं तितकं व्याख्यानात कळत नाही.

पायरी ५: एका चांगल्या लेखावरून पुढे-मागे जा

एक दमदार लेख हाती आला की त्याची संदर्भसूची मागे नेते: त्याने कोणाच्या खांद्यावर उभं राहून काम केलं ते कळतं. गूगल स्कॉलर किंवा स्कोपस, वेब ऑफ सायन्स या उद्धरणांची नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसमधला "साइटेड बाय" दुवा पुढे नेतो: त्यानंतर कोणी त्याचा आधार घेतला, कोणी त्याला खोडून काढलं. स्कॉलरमध्ये "साइटेड बाय" उघडल्यावर त्या यादीच्या आतच शोधण्यासाठी एक चौकट असते. ८०० लेखांनी उद्धृत केलेल्या लेखाच्या यादीत आपला नेमका शब्द टाकला की कामाचे मोजके लेख उरतात.

पायरी ६: पूर्ण लेख मिळवा

प्रकाशकाच्या पानावर पैसे मागणारी खिडकी आली की थांबा. पैसे भरू नका. तुम्ही घरून, विद्यापीठाच्या नेटवर्कबाहेरून आला आहात म्हणून प्रकाशकाने तुम्हाला ओळखलेलं नसण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. लायब्ररीच्या पानावरून, विद्यापीठाच्या लॉगिनने आत शिरून तोच लेख पुन्हा उघडा. प्रॉक्सी, व्हीपीएन किंवा संस्थेचं लॉगिन यांपैकी कोणती सोय आहे ते लायब्ररीच्या "रिमोट अ‍ॅक्सेस" पानावर लिहिलेलं असतं. वर्षाच्या सुरुवातीलाच हे एकदा चालवून बघा, सबमिशनच्या आदल्या रात्री नको.

तरीही मिळाला नाही, तर लेखाचा डीओआय क्रमांक, म्हणजे त्या लेखाची कायमची ओळख, शोधा. तो नेहमी १० या आकड्याने सुरू होतो. वेबसाइटचा पत्ता बदलला तरी डीओआय बदलत नाही. अनपेवॉल नावाचं मोफत एक्स्टेन्शन ब्राउझरला जोडलं, की त्याच लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर पानाच्या कडेला हिरवं कुलूप दिसतं. स्कॉलरमधल्या "ऑल व्हर्जन्स" दुव्यात लेखकाने आपल्या विद्यापीठाच्या भांडारात ठेवलेली प्रत सापडते. ही प्रत अनेकदा समीक्षा झालेली पण छपाईच्या मांडणीआधीची असते. मजकूर तोच असला तरी पानांचे क्रमांक वेगळे असतात, त्यामुळे थेट अवतरण घेताना सांभाळा. शेवटचे दोन मार्ग म्हणजे लायब्ररीमार्फत दुसऱ्या ग्रंथालयातून मागवणं आणि लेखकाला दोन ओळींचं नम्र ईमेल. लेखाच्या पहिल्या पानावर पत्रव्यवहारासाठी पत्ता दिलेला असतो, आणि आपला लेख कोणी मागितला याचा बहुतेक लेखकांना आनंदच होतो.

शोधताना "फुल टेक्स्ट ओन्ली" ही खूण सुरुवातीलाच करू नका. त्याने तुमच्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा लेखही निकालातून गायब होऊ शकतो, आणि तो आहे हे तुम्हाला कळतही नाही.

आणि एकगठ्ठा डाउनलोड टाळा. कुणी प्रोग्रॅम लावून शेकडो लेख उतरवायला लागलं, की प्रकाशक संपूर्ण विद्यापीठाचा प्रवेश बंद करू शकतात. मग शिक्षा सगळ्यांना.

पायरी ७: जे सापडलं ते तपासा

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू यांनी एक अभ्यास केला. १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यपडताळक आणि स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी यांना काही वेबसाइट तपासायला दिल्या. त्यांतल्या दोन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांच्या होत्या. एक १९३० पासूनची, हजारो सदस्यांची. दुसरी २००२ मध्ये तिच्यातून फुटून निघालेला छोटा गट. दोन्हींची नावं सारखी, दोन्ही पानं नीटनेटकी. अनेक विद्यार्थी आणि काही इतिहासकारही पान वरपासून खालपर्यंत वाचत राहिले आणि फसले. तथ्यपडताळकांनी मात्र ते पान जवळजवळ लगेच सोडलं, नवे टॅब उघडले आणि या संघटनेबद्दल बाहेरचे लोक काय म्हणतात ते बघितलं.

हीच सवय लावून घ्या. अनोळखी साइट वाचण्याआधी तिचं नाव नव्या टॅबमध्ये टाका. अनोळखी नियतकालिक असेल तर ते डीओएजे या मुक्त नियतकालिकांच्या निर्देशिकेत आहे का ते बघा. संपादक मंडळातल्या एखाद्या सदस्याच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर या नियतकालिकाचा उल्लेख आहे का, तेही बघा. "दोन दिवसांत छापून देतो" म्हणणाऱ्या नियतकालिकाने समीक्षा केली असण्याची शक्यता जवळपास नाही.

नामवंत नियतकालिकातला लेखही मागे घेतला गेलेला असू शकतो. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लेख १९९८ मध्ये "द लॅन्सेट"मध्ये आला. तो अवघ्या १२ मुलांवर आधारलेला होता आणि २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला. त्याची जुनी पीडीएफ हातात पडली तर त्यावर हे लिहिलेलं असेलच असं नाही. म्हणून पीडीएफ कुठूनही मिळालेली असो, संदर्भ देण्याआधी प्रकाशकाच्या पानावर "रिट्रॅक्टेड" असं लिहिलंय का ते बघून घ्या.

चॅटजीपीटीसारख्या साधनांचा उपयोग मी नाकारत नाही. समानार्थी शब्द सुचवायला, अवघड गोषवारा सोपा करून घ्यायला ती कामी येतात. संदर्भ मात्र त्यांच्याकडून घेऊ नका. ती खऱ्या लेखकाचं नाव, खऱ्या नियतकालिकाचं नाव आणि अस्तित्वातच नसलेला मथळा अशी बेमालूम जुळवणी करून देऊ शकतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी असेच न झालेले खटले दाखले म्हणून दिले आणि त्यांना दंड झाला. असा संदर्भ मिळालाच, तर पूर्ण मथळा अवतरणचिन्हांत घालून स्कॉलरमध्ये शोधा आणि डीओआय उघडून बघा. तिथे वेगळाच लेख निघाला किंवा काहीच निघालं नाही, तर तो संदर्भ सोडून द्या.

मराठीतून शोधताना

साहित्य, इतिहास, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना देवनागरीत शोधावं लागतं आणि तिथे वेगळ्या अडचणी येतात. "हिंदी" आणि "हिन्दी", "संबंध" आणि "सम्बन्ध" संगणकाला वेगवेगळे शब्द वाटू शकतात. दोन्ही रूपं ऑरने जोडा. विभक्ती लागली की शब्दाचं रूप बदलतं, म्हणून "ग्रंथालय" बरोबर "ग्रंथालयाचा", "ग्रंथालयांची" हेही करून बघा. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या जुन्या पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसतात, पण आतली अक्षरं भलतीच असतात. स्कॅन केलेल्या पुस्तकांत तर अनेकदा फक्त चित्रच असतं. अशा वेळी मजकूर शोधण्याऐवजी ग्रंथनाम, लेखक आणि वर्ष यांवरून शोधा.

परदेशी ग्रंथालयांच्या कॅटलॉगमध्ये मराठी पुस्तकं रोमन लिपीत नोंदलेली असतात आणि तिथे शब्दाच्या शेवटचा "अ"ही लिहितात. "इतिहास" शोधताना शेवटी एक जादा रोमन "ए" (a) हे अक्षर लावून बघा. न सापडलेली पुस्तकं अचानक दिसू लागतात.

पायरी ८: नोंद ठेवा, आणि कुठे थांबायचं ते ठरवा

एका साध्या तक्त्यात तारीख, डेटाबेस, वापरलेली ओळ, किती निकाल आले आणि त्यांतले किती ठेवले, एवढं लिहा. महिन्याभराने गाइड विचारतात, "हे कसं शोधलंस?", तेव्हा हा तक्ता उत्तर देतो. प्रबंधाच्या शोधपद्धतीच्या प्रकरणात तो जवळजवळ तसाच जातो.

लेख साठवायला झोटेरो वापरा. ते मोफत आहे, ब्राउझरमधल्या एका क्लिकवर लेखाची माहिती आणि पीडीएफ जमा करतं, वर्डमध्ये संदर्भसूची बनवतं आणि संग्रहातला लेख मागे घेतला गेला असेल तर इशाराही देतं. आयात झालेली नोंद मात्र डोळ्यांखालून घाला. लेखकाचं आडनाव आणि नाव उलटसुलट होणं, वर्ष गळणं हे नेहमीचं आहे.

नव्या शोधातही तेच ते लेख दिसायला लागले आणि त्यांच्या संदर्भसूच्यांत नवीन नाव येईना, की शोध थांबवून वाचायला बसा. शेवटची चांगली ओळ स्कॉलरमध्ये अलर्ट म्हणून ठेवा, नवे लेख ईमेलवर येत राहतील.

याउलट, दोन-तीन वेळा शब्द बदलूनही काहीच हाती लागत नसेल तर ग्रंथपालांकडे जा. रिकाम्या हाताने "मटेरियल द्या" म्हणून जाऊ नका. लिहिलेला प्रश्न, शब्दांचे रकाने, शोधांचा तक्ता आणि सापडलेल्यांपैकी सगळ्यात जवळचा एक लेख, एवढं घेऊन गेलात तर कोणता शब्द चुकतोय किंवा कोणता डेटाबेस राहिलाय हे त्यांना लवकर सांगता येतं.